हवेत फिरला, पाण्यात मेला: बो थ्रस्टरच्या नावाखाली झालेली फसवणूक

बोट ट्रेलरवर उभी असताना बटण दाबलं, मोटार घुर्रर करून फिरली, पंख्याचा वारा हाताला लागला आणि मालकाने उरलेले पैसे दिले. सगळी फसवणूक या एका मिनिटात पक्की झाली. हवेत पंख्यावर भारच नसतो. तिथे जीपच्या विंचची, म्हणजे अडकलेली गाडी दोराने ओढायच्या यंत्राची, मोटारसुद्धा वाघासारखी गुरगुरते. नागपूर जिल्ह्यातल्या एका जलाशयावर चालणाऱ्या ३२ फुटी केबिनच्या मोटरबोटीचं हे काम नंतर उघडून, मोजून पाहिलं. त्यात जे निघालं ते इथे दिलं आहे, कारण तीच युक्ती उद्या दुसऱ्या बोटीवर चालेल.

बोटीचं पुढचं टोक, म्हणजे नाळ, पाण्याखाली आरपार भोसकून आडवी नळी घालायची आणि त्या नळीत विजेवरचा पंखा बसवायचा, हा बो थ्रस्टर. धक्क्याला लागताना नाक डावी-उजवीकडे ढकलायला तो कामाचा. पावसाळ्याआधी दुपारी वावटळ सुटली की उंच केबिनची बोट धक्क्यापासून फाकते, म्हणून मालकाला तो हवा होता. गरज खोटी नव्हती.

पहिली लबाडी कोटेशनमध्येच होती. माहितीपत्रकावर मॉडेलच्या नावात ४० आणि १२५ असे दोन आकडे होते. ठेकेदाराने सांगितलं, "भाऊ, १२५ किलोचा जोर आहे, काही टेन्शनच नाही." अशा नावात ४० हा किलोमधला जोर असतो आणि १२५ हा नळीचा व्यास, मिलिमीटरमध्ये. ३२ फुटी बोटीला साधारण ४० ते ६० किलो पुरतात, त्यामुळे १२५ ऐकून मालक खूशच झाला. मजा म्हणजे प्रत्यक्षात बसवलेली नळी १५० ची निघाली. कागदावरचं मॉडेल त्या नळीतलं नव्हतंच, आणि हे कळायला एक टेप पुरला असता. जोर एचपीत सांगणाराही टाळावा. एचपी मोटारीचा असतो, बोटीला ढकलतो तो किलोतला जोर.

७० टक्के रक्कम "इम्पोर्ट ड्यूटी भरायची आहे" म्हणून आगाऊ गेली. माल यायच्या आधीच, पहिल्याच दिवशी, हलला, म्हणजे बोटीच्या बाहेरच्या कवचाला, दोन्ही बाजूंनी भोकं पाडण्यात आली. ही घाई नव्हती, डाव होता. भोक पडलं की मालक अडकला. बोट पाण्यात टाकता येत नाही, दुसरा कारागीर अर्धवट कामाला हात लावत नाही, आणि पुढचा हप्ता मागितला की द्यावाच लागतो. खोका समोर उघडून मोटारीवरचा सिरियल नंबर कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडे पडताळल्याशिवाय हलला करवत लावू देऊ नये. खरोखर परदेशातून माल आला असेल तर कस्टमची बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातीची नोंद, असतेच. "ती मुंबईला राहिली" हे उत्तर म्हणजे नाही असं समजावं.

मुळात त्या बोटीला नळीचा थ्रस्टर बसत होता का? नव्हता. नळीचा वरचा काठ पाण्याच्या रेषेखाली किमान अर्धा व्यास, जमलं तर पूर्ण व्यास हवा. १५० च्या नळीला म्हणजे कमीत कमी ७५ मिलिमीटर. इथे नाक उथळ, त्यामुळे रिकाम्या बोटीत जेमतेम ४० मिलिमीटर पाणी वर राहायचं. मागच्या बाकांवर दहा माणसं बसली की नाक उचलायचं आणि पंखा पाण्याबरोबर हवा ओढायचा. आवाज मोठा, ढकलणं शून्य. जाणकार माणूस अशा बोटीला बाहेरून बोल्ट करायचा थ्रस्टर सुचवतो, नाहीतर सरळ काम नाकारतो.

नळी पाहिल्यावर मात्र डोक्याला हात लावायची वेळ आली. ती फायबरग्लासची नव्हतीच. ती शेतात पाण्याच्या लाइनला टाकतात ती बाहेरून १६० मिलिमीटरची पीव्हीसी पाइप होती. आतून ती जवळपास १५० ची भरते, म्हणून पंखा फिट बसला. वरून काळा रंग, त्यामुळे डोळ्यांना काही कळत नाही. पीव्हीसीवर रेझिन नीट धरत नाही, आणि उन्हाने ती फायबरपेक्षा जास्त फुगते-आकसते. मे महिन्यात ४५ अंशांत ट्रेलरवर उभी राहिलेली बोट पाण्यात उतरवली की जोडाला केसासारखी भेग पडते आणि तिथून पाणी झिरपतं. ओळख सोपी आहे: टोकाला करवतीचं पातं थोडं चालवावं. पीव्हीसीचा भुसा गुळगुळीत, वळलेला निघतो. फायबरग्लासची धूळ खरखरीत, अंगाला खाजवणारी असते.

जोडावर आतून फायबरग्लासच्या ४५० ग्रॅमच्या (एका चौरस मीटरला) मॅटचे फक्त दोन थर होते. एक थर साधारण १ मिलिमीटर जाडी देतो, आणि त्या जागी हल ६ मिलिमीटरची होती. आतला जोड निदान हलच्या जाडीइतका हवा, म्हणजे सहा थर, आणि प्रत्येक थर आधीच्यापेक्षा थोडा पुढे सरकवलेला. त्याआधी जेलकोट (हलवरचा चकचकीत बाहेरचा थर) आणि रंग पूर्ण घासून, कडेला लांब उतार काढून, ॲसिटोनने पुसायचं. जुन्या, वाळलेल्या हलवर साध्या पॉलिएस्टरपेक्षा इपॉक्सी चांगलं धरतं. इथे रंगावरच मॅट चिकटवली होती आणि बाहेरचा खड्डा गाडीच्या डेंटिंगच्या पुट्टीने भरला होता. ती पुट्टी पाण्याखाली पाणी पिते. शिवाय भर दुपारी नेहमीच्या प्रमाणात हार्डनर घातल्यामुळे रेझिन डब्यातच गरम होऊन आवळलं असणार, कारण मॅटमध्ये कोरडे पांढरे चट्टे होते. नागपूरच्या उन्हाळ्यात हे काम पहाटेच करायचं, पॉलिएस्टर असेल तर हार्डनर रेझिन बनवणाऱ्याने दिलेल्या खालच्या मर्यादेवर ठेवून, एका वेळी लहान डबा कालवून.

मोटारीवरची कंपनीच्या नावाची पट्टी नखाने निघाली. खाली विंचची मोटार. दिशा बदलायला ट्रॅक्टरच्या स्टार्टरचे सोलेनॉइड (मोठा प्रवाह जोडणारे-तोडणारे विजेवरचे स्विच) आणि घरच्यासारखी दोन बटणं. स्टार्टरचा सोलेनॉइड काही सेकंदांसाठी असतो. थ्रस्टरचा प्रवाह सतत तोडताना त्याचे कॉन्टॅक्ट चिकटतात, मग बटण सोडलं तरी पंखा थांबत नाही. चांगल्या संचात एका दिशेकडून दुसरीकडे जाताना क्षणभराचा थांबा असतो, मोटार तापली तर बंद करणारी सोय असते. इथे दोन्ही बटणं एकदम दाबली तर सरळ शॉर्ट. फ्यूजच्या जागी तांब्याची पट्टी, आणि बॅटरी तोडणारा मुख्य स्विच कुठेच नाही. ही फसवणूक राहिली नाही, ही आग लावायची तयारी होती.

आता वायर. कोटेशनमध्ये "३५ चौरस मिमी तांबे" असं लिहिलं होतं. आधी तेच चूक. बॅटरी मागे, मोटार पुढे, एका बाजूने ८ मीटर. जाणं-येणं धरून १६ मीटर. ३०० अँपिअरला ३५ च्या अस्सल तांब्यातही जवळपास २.४ व्होल्ट वाटेतच जातात. ९५ चौरस मिमी टाकली तर ०.९. त्यातही ही वायर तांब्याची नव्हती. तारेवर ब्लेड ओढलं की आत चांदीसारखा पांढरा रंग: तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. वजनावरूनही कळतं. ३५ चौरस मिमीचं एक मीटर तांबं नुसतं, कव्हर सोडून, ३०० ग्रॅमच्या थोडं वर भरतं. मुलामावाली त्याच्या निम्म्याहून कमी. वायरच्या टोकांचे लग (बोल्टखाली बसणारे धातूचे तुकडे) हातोडीने ठोकलेले होते. हिंगणा एमआयडीसीत पॅनेल बनवणाऱ्या कितीतरी शेडमध्ये लग दाबून बसवायचा हायड्रॉलिक क्रिम्पर पडलेला असतो, तेवढं जायचेही कष्ट घेतले नव्हते.

बॅटरी दिली होती घरच्या इन्व्हर्टरची, १५० एएचची (अँपिअर-तासांची) ट्युब्युलर. आकडा मोठा दिसतो म्हणून मालकाला ती भारी वाटली. ट्युब्युलर बॅटरी हळूहळू, तासन्‌तास वीज द्यायला बनवलेली आहे. एकदम ३०० अँपिअर मागितले की तिचा व्होल्टेज कोसळतो. थ्रस्टरला इंजिन सुरू करण्याच्या जातीची किंवा एजीएम (पाणी न घालायची, सीलबंद) बॅटरी हवी, आणि शक्य असेल तर ती नाकाजवळच, म्हणजे जाड वायर दोन मीटरच लागते. ज्या बंद कप्प्यात ठिणगी पडणारे सोलेनॉइड आहेत त्यात साधी पाण्याची बॅटरी ठेवू नये. चार्ज होताना ती हायड्रोजन सोडते.

बोट पाण्यात ठेवून, पंखा चालू असताना मोजलं तेव्हा बॅटरीवर १०.९ व्होल्ट आणि मोटारीच्या टोकांवर ७.४. १२ व्होल्टच्या थ्रस्टरला मोटारीपाशी १०.५ च्या आसपास मिळायला हवेत. हे साध्या मल्टिमीटरवर दिसतं. अँपिअर पाहायचे तर डीसी क्लॅम्प मीटर मागावा. इलेक्ट्रिशियनकडचा नेहमीचा फक्त एसीच दाखवतो.

अ‍ॅनोडही, म्हणजे पाण्याखालचा धातू गंजू नये म्हणून स्वतः झिजणारा तुकडा, झिंकचा दिला होता. तो समुद्रासाठी ठीक. आपल्या तलावांच्या गोड्या पाण्यात झिंकवर पापुद्रा धरतो आणि तो निकामी होतो, तिथे मॅग्नेशियम लावतात. या अ‍ॅनोडवर तर रंगही मारला होता, म्हणजे तो तसाही मेलेलाच. पंखा फिरवणाऱ्या, नळीतल्या गिअरच्या पायातलं ऑइल दुधासारखं पांढरं झालं होतं: सील गेलेलं, पाणी आत.

जोर मोजायची पद्धत इतकी साधी आहे की ती कोणी सुचवत कशी नाही याचंच नवल. कबाडीवाल्याकडचा २०० किलोचा डिजिटल टांगता काटा घ्यायचा. नाकाला, थ्रस्टरच्या बरोबर वर, ८-१० मीटरचा दोर बांधायचा, दुसरं टोक काट्यातून काठावरच्या झाडाला. वारा पडलेला असताना बोट काठापासून दूर ढकलेल अशा दिशेने २० सेकंद चालवायचं. दोर लांब हवा, नाहीतर पाण्याचा झोत काठावर आपटून आकडा बिघडतो. काट्यावर आले १४ किलो. सांगितले होते १२५.

शेवटचा हप्ता या काट्यावरच्या आकड्याला बांधावा, कोटेशनवर लिहून: पाण्यात, प्रवासी बसलेले असताना, इतके किलो आणि मोटारीपाशी इतके व्होल्ट. बिलात "बो थ्रस्टर सेट, १ नग" एवढंच असेल तर ते बिल नाही. नळीचं साहित्य, वायरचा चौरस मिमी आणि धातू, सिरियल नंबर, सगळं हवं. पैसे ठेकेदाराच्या बायकोच्या क्यूआरवर नव्हे, जीएसटी नंबर ज्याच्या नावावर आहे त्याच खात्यात. बोट भाड्याने चालत असेल तर ग्राहक आयोगात "व्यावसायिक वापर" हा आक्षेप येऊ शकतो. स्वतःच्या उपजीविकेपुरता धंदा असल्याचं दाखवावं लागतं, म्हणून वकिलाला हे पहिल्या भेटीतच सांगावं.

आणि हलमधून कापलेल्या दोन गोल चकत्या ठेकेदाराला नेऊ देऊ नयेत. हल किती जाडीची होती, आत फोम होता की नाही, तिथे किती थर द्यायला हवे होते, हे सगळं त्यांच्या कडेवर दिसतं. या कामात त्या चकत्या पहिल्याच संध्याकाळी "कचरा" म्हणून गेल्या.