मुंबईच्या उकाड्यात विणायला: सुती की लिनन?

मे महिन्यात दादरच्या गर्दीत अंगाला चिकटणार नाही असा टॉप विणायचा, तर धाग्यापासूनच विचार करायला हवा.

सुती धागा हाताला मऊ, घाम छान टिपतो. पण तो जड असतो आणि ताण धरत नाही. धुऊन दोरीवर टांगला की टॉप लांबतो, पावसाळ्यात तर वाळता वाळत नाही. खरी मेख पिळात आहे. सैल पिळाच्या एकपदरी धाग्याला लगेच बारीक गोळे येतात. बारीक सुताचे चार पदर घट्ट पिळले की टाके रेखीव दिसतात, कापडही टिकतं.

लिनन अळशीच्या खोडातल्या तंतूंचं. सामान्य हवेत ते वजनाच्या सुमारे १२ टक्के ओलावा धरतं, सूत साधारण ८. तरी लिनन लवकर वाळतं, ओलं असताना उलट जास्त मजबूत होतं. विणताना मात्र बोटं भरून येतात, कारण धागा ताठ. चार धुण्यांनी नरम पडतो.

माझी पसंती निम्मं सूत, निम्मं लिनन, बारीक धागा आणि जाळीची वीण. तान्ह्या बाळासाठी मात्र निव्वळ सुतीच घ्या.