ब्रेक पेडल मऊ पडलंय: नुसतं ऑइल बदलायचं, किट टाकायचं की अख्खा नवा मास्टर सिलेंडर?

जुन्या गाडीचं पेडल खाली जायला लागलं की गॅरेजगणिक वेगळं उत्तर मिळतं. एक म्हणतो हवा धरली आहे, ब्लीडिंग मारून देतो (म्हणजे ब्रेकच्या ऑइलमधली हवा काढतो), दुसरा म्हणतो मास्टर सिलेंडरचं (पेडल दाबल्यावर ऑइलला प्रेशर देणारा पार्ट) किट टाकू, तिसरा थेट नवाच टाका म्हणतो. तिघांचंही बरोबर असू शकतं, पण तुमच्या गाडीला नेमकं काय झालंय ते कळल्याशिवाय खर्चाची चर्चा करण्यात काही अर्थ नाही.

तर आधी हे करा. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, इंजिन चालू, आणि पेडल मध्यम जोर लावून अर्धा मिनिट दाबून धरा. (इंजिन सुरू होताना पेडल किंचित खाली जातं ते बूस्टरमुळे, म्हणजे पायाचा जोर वाढवणाऱ्या पार्टमुळे, त्याला घाबरू नका.) पाय हलवला नाही तरी पेडल हळूहळू फ्लोअरकडे सरकत गेलं तर मास्टर सिलेंडर आतून प्रेशर सोडतोय किंवा कुठेतरी ऑइल गळतंय. जागेवर थांबतं पण लिबलिबीत लागतं आणि भराभर पंप केल्यावर कडक होतं, तर बहुतेक हवा. पहिल्या दाबात खोल जातं, दुसऱ्यात वर येतं आणि दोन्ही वेळा शेवटी कडकच लागतं, तर मागच्या ड्रमचे शू (ड्रमला आतून घासून ब्रेक लावणारे पार्ट) ड्रमपासून लांब राहिलेत, म्हणजे नुसती अ‍ॅडजस्टमेंट, आणि हे स्वस्तातलं काम आहे म्हणून आधी तेच बघून घ्या. आणि एरवी छान पण घाट उतरताना मऊ पडतं, तर ऑइल उकळतंय.

यातला शेवटचा प्रकार ठाणे-नवी मुंबईत गांभीर्याने घ्या. घोडबंदर रोडला गायमुखच्या उतारावर किंवा मुंब्रा बायपासला मागेपुढे ट्रक, ट्रॅफिक सरकत-थांबत चाललेलं, आणि पाय सतत ब्रेकवर. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं आणि आपल्याकडच्या दमट हवेत तर त्याला पाणी मिळतच राहतं. डॉट ३ दर्जाचं ऑइल नवं असताना किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही पण साधारण पावणेचार टक्के पाणी शिरलं की ही मर्यादा १४० वर येते, डॉट ४ मध्ये हेच आकडे २३० आणि १५५. उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पेडल पोकळ लागतं.

नुसतं ऑइल आणि ब्लीडिंग

सगळ्यात स्वस्त. हवा किंवा जुनं ऑइल हेच कारण असेल तर एवढ्यावर काम होतं, आणि दोन वर्षांत ऑइल बदललेलं नसेल तर तसंही करायचंच आहे. डॉट ३ वाल्या गाडीत डॉट ४ चालतं, पण डॉट ५ सिलिकॉन असतं, ते यात अजिबात मिसळायचं नाही. बाटली सीलबंदच घ्या, गॅरेजमध्ये उघडी पडलेली नको. ऑइल रंगावर सांडलं तर रंग जातो, लगेच पाण्याने धुवा.

यात एक गोष्ट मेकॅनिकला आवर्जून सांगा, पेडल मारताना फ्लोअरपर्यंत आपटू नको. रोजच्या वापरात पिस्टन सिलेंडरच्या ठराविक भागातच फिरतो, त्याच्या पुढचा भाग वर्षानुवर्षं वापरातच नसतो, तिथे गंज आणि गाळ असतो, आणि पेडल पूर्ण खाली दाबलं की रबरं त्याच्यावरून घासतात. ब्लीडिंगला गेलेली गाडी मास्टर सिलेंडर खराब करून परत येते ती अशी. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवला की झालं.

पण पेडल सरकत खाली जात असेल तर ब्लीडिंगवर पैसे घालवू नका.

किट की नवा

खरा निर्णय इथे आहे. किट म्हणजे आतले रबर वायसर वगैरे, नव्या सिलेंडरच्या मानाने फारच स्वस्त. पण ते टिकतं फक्त आतली भिंत गुळगुळीत असेल तरच. उघडल्यावर टॉर्च मारून तुम्ही स्वतः बघा, नखाला लागेल असा खड्डा किंवा ओरखडा दिसला तर नवी रबरंही तिथे कापली जाणार आणि काही महिन्यांत पेडल पुन्हा सरकायला लागणार. पॉलिश पेपरने घासून देतो म्हणाले तरी नको म्हणा, विशेषतः अ‍ॅल्युमिनियमच्या सिलेंडरला, कारण आतला कडक थर निघून जातो. माझं स्पष्ट मत, गाडी दहा-बारा वर्षांच्या पुढची असेल आणि ऑइल वेळेवर बदललेलं नसेल तर किटच्या वाटेला जाऊ नका, नवाच टाका, बिलासकट, ओळखीच्या दुकानातून, कारण या पार्टमध्ये डुप्लिकेट परवडत नाही. किट घ्यावं ते नवा पार्ट मिळतच नसेल आणि भिंत स्वच्छ असेल तेव्हा. नवा बसवायच्या आधी तो बाहेरच ऑइल भरून त्यातली हवा काढायला सांगा, नाहीतर नंतर हवा निघता निघत नाही.

पण सिलेंडरचा निकाल लावायच्या आधी गळती बघा. मास्टर सिलेंडरवरच्या ऑइलच्या बाटलीतली लेव्हल उतरतेय का? (पॅड झिजले की थोडी उतरतेच.) मग चाकांच्या आतल्या बाजूला ओल आहे का, आणि मास्टर सिलेंडर बूस्टरला जिथे जोडलाय तिथे खालचा रंग फुगून सुटलाय का. तिथला रंग सुटलेला दिसला तर मागचं सील गेलंय. लेव्हल जागेवर, ओल कुठेच नाही आणि पेडल तरी सरकतंय, तर सिलेंडर आतूनच गेलाय.

हवा नाही, सिलेंडर चांगला, तरी पेडल मऊच? चाकांजवळचे रबरी होज, म्हणजे ऑइल नेणाऱ्या नळ्या. एकाने पेडल दाबायचं, दुसऱ्याने होज हातात धरायचा, फुगताना जाणवतो. एक गेला असेल तर सगळे बदला, वय सगळ्यांचं सारखंच आहे.

कुठे करायचं

एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी ब्रेकची यंत्रणा) नसलेल्या गाडीला वागळे इस्टेट किंवा तुर्भ्याकडचा ब्रेकचंच काम करणारा जुना मेकॅनिक उत्तम, तो वेळ देतो आणि काढलेला पार्ट हातात देतो. एबीएस असेल आणि त्याच्या युनिटमध्ये हवा गेली असेल तर बऱ्याच गाड्यांना स्कॅनर लावून पंप फिरवावा लागतो, तिथे ज्याच्याकडे स्कॅनर आहे त्याच्याकडेच जा. पंधरा वर्षं पूर्ण होऊन पासिंगला न्यायची गाडी असेल तर हे काम त्याच्या आधीच उरका, फिटनेसला ब्रेक बघतातच.

पेडल सरकत असेल तर गॅरेजपर्यंतही चालवत नेऊ नका, टो करा किंवा मेकॅनिकला सोसायटीत बोलवा. काम झाल्यावर आधी सोसायटीच्या आत हळू चालवून ब्रेक बघा, मगच बाहेर काढा, आणि पुढचे काही दिवस रोज सकाळी बॉनेट उघडून लेव्हलवर नजर ठेवा.