आरोग्यक्षेत्रात उशिरा येताय? आधी नोंदणीचं विचारा

चाळिशी उलटल्यावर हिशेबाचं काम सोडून आरोग्यक्षेत्रात यायचं ठरवलं. नर्सिंग, लॅब टेक्निशियन की रेडिओग्राफी (एक्स-रे वगैरे काढण्याचं काम), एवढंच ठरत नव्हतं. नेमका हाच गोंधळ हेरून मला फसवलं गेलं, म्हणून सविस्तर लिहितेय.

एका संस्थेत 'मोफत समुपदेशना'ला गेले. तिथल्या बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मॅडम, एकच कशाला निवडताय? आमच्या वर्षाच्या कोर्समध्ये तिन्ही येतं. वयाची अट नाही, हजेरीची सक्ती नाही, नोकरीची हमी." प्रत्येक प्रवेशामागे त्यांना कमिशन मिळायचं, हे तिथे पूर्वी शिकवणाऱ्या एका बाईंकडून नंतर कळलं.

तिन्ही कामं मुळात वेगळी आहेत. नर्स व्हायचं तर देखरेखीखाली वॉर्डात रुग्णांजवळ काम करावंच लागतं. आम्हाला वॉर्ड दिसलाच नाही. रक्त काढायला शिकवलं तेही रबरी हातावर. दंडाला बांधलेला पट्टा मिनिटभरात सोडायचा असतो, नाहीतर रक्त तुंबून तपासणीचे आकडे बदलू शकतात. इतकी साधी गोष्ट मला लॅबमध्ये मुलाखतीला गेल्यावर कळली. माझ्या हातून कुणाचा रिपोर्ट चुकला असता, याचा संताप पैशांपेक्षा जास्त आहे.

त्या मुलाखतीत पहिलाच प्रश्न आला: "नोंदणी क्रमांक?" म्हणजे त्या व्यवसायाच्या परिषदेकडे नाव नोंदवल्यावर मिळणारा क्रमांक. सर्टिफिकेटवर सोनेरी शिक्का होता, आयएसओ ९००१ होतं, नोंदणी मात्र कुठेच होणार नव्हती. आयएसओ ९००१ संस्थेच्या कारभाराच्या पद्धतीला मिळतं, त्याने अभ्यासक्रमाला मान्यता येत नाही. संस्था म्हणाली, "मान्यता प्रोसेसमध्ये आहे." नोंदणी हा काही कालपरवाचा नियम नाही, न्यूझीलंडने परिचारिकांच्या नोंदणीचा कायदा १९०१ मध्ये केला होता.

त्यामुळे फी भरण्याआधी संबंधित परिषदेची मान्यताप्राप्त संस्थांची यादी स्वतः उघडून बघा. त्यात संस्थेचं नाव हवं आणि तुम्ही घेताय तोच कोर्सही हवा. सहायकाचा कोर्स 'नर्सिंग' म्हणून सर्रास खपवतात. प्रात्यक्षिक कुठल्या रुग्णालयात, तेही विचारा आणि तिथे फोन करा. आमच्या माहितीपत्रकात ज्याचं नाव होतं, त्या रुग्णालयाने असा करार झालाच नसल्याचं मला सांगितलं. तेच उत्तर ईमेलवर मागून घेतलं आणि पावत्यांसोबत ग्राहक तक्रारीला जोडलं.

तक्रार मागे घेतली तर निम्मी फी परत देऊ, असा संस्थेतून फोन आला होता. लेखी द्या म्हटल्यावर फोन बंद झाले. तक्रार चालू आहे.