बर्फाचे म्हणून विकलेले चार टायर

डिसेंबर २०२४ मध्ये काश्मीरची फेरी ठरली. जाताना जम्मूचा माल, येताना पुलवामाकडच्या कोल्ड स्टोरेजमधलं सफरचंद घेऊन वाशीच्या फळ मार्केटला. माझा चौदा फुटी आयशर ट्रक आहे, गाडी मीच चालवतो. मागचे चारही टायर घासत आले होते, आणि तसल्या टायरवर जम्मू-श्रीनगर रस्त्यावरच्या बनिहालच्या घाटाकडे जायचं नाही हे घरी आधीच ठरलं होतं.

वडाळ्याला गाडी लावतो तिथल्या एकाने मुंबईतलंच एक दुकान सुचवलं. दुकानदार आमच्या सातारकडचा निघाला. गाव विचारलं, चहा मागवला, आणि मी निवांत झालो. इथेच चुकलो. ८.२५-१६ चा टायर सगळीकडे साडेपंधरा हजारांच्या आसपास सांगत होते, हा तेरा हजारांत द्यायला तयार. वर म्हणाला, "दादा, हा खास बर्फाचा माल आहे. याला चेन लागत नाही. बिल नको असेल तर अठ्ठावीस टक्के जीएसटीही वाचेल तुमचा." चेन म्हणजे बर्फात घसरू नये म्हणून चाकाला बांधायची साखळी. चार टायरचे बावन्न हजार रोख मोजले.

तारीख मी विचारली होती, हे मुद्दाम सांगतो. टायरच्या बाजूला डीओटी लिहिलेल्या ओळीच्या शेवटी लंबगोलात चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. मला दाखवलेल्या बाजूला ती ओळ होती, पण आकडे नव्हते. "ट्रकच्या टायरवर तारीख येतच नाही," असं तो ठामपणे बोलला आणि मी मानलं. खरी गोष्ट अशी की बऱ्याच टायरांवर तारीख एकाच बाजूला असते. पोरांनी चारही टायर चढवताना ती बाजू आतल्या अंगाला घातली. मी तेव्हा बाकड्यावर चहा पीत होतो.

निघताना आणखी एक सल्ला मिळाला: "बर्फात दहा पौंड हवा कमी ठेवा, पकड वाढते." जम्मू सोडल्यावर मी तसं केलं. मुंबईच्या तीस अंशांत भरलेली हवा शून्याजवळच्या थंडीत आपोआप दहाएक पौंडांनी उतरते, हे मला माहीत नव्हतं. म्हणजे भरलेल्या गाडीखाली वीस पौंड कमी. अशा वेळी टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकते, आणि जुनं रबर तिथेच फाटतं.

रामबनच्या पुढे पहाटे एका वळणावर हलका ब्रेक मारला आणि गाडीचं मागचं अंग दरीच्या बाजूला सरकलं. वेग वीसचाही नसेल. गाडी कठड्यापासून हातभर अंतरावर थांबली. खाली नदीचा आवाज येत होता. क्लीनर म्हणजे माझा चुलतभाऊ, विसाव्या वर्षातला पोरगा, तो कितीतरी वेळ बोललाच नाही.

बनिहालला ट्रॅफिक रोखून धरली होती. तिथल्या पंक्चरवाल्याने बाहेरचं चाक उतरवलं, आतली बाजू फडक्याने पुसली. फडकं काळं झालं, रॉकेलसारखा वास आला. ते पॉलिश होतं. पॉलिशखाली खाचांच्या बुडाशी केसासारख्या भेगा होत्या आणि एका कडेला लंबगोलात २८१७. "उस्ताद, ये तो सात साल पुराना है." २०१७ च्या जुलैतला टायर! त्याने नख रुतवून दाखवलं, रुतलं नाही. शेजारच्या गाडीच्या टायरला रुतलं. थंडीत रबर कडक होतंच, त्यात हे आधीच वाळलेलं. आणि बर्फाचा टायर म्हणून जो दिला तो साधा लग टायर होता, चिखलाला आणि खडबडीत रस्त्याला चालतो तो. बर्फाच्या चाचणीत उतरलेल्या टायरवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण, अशी खूण रबरातच उठवलेली असते. माझ्या टायरांवर फक्त एम प्लस एस होतं, म्हणजे मड आणि स्नो, चिखल आणि बर्फ. ती अक्षरं कंपनी स्वतःच्या जबाबदारीवर घालते, त्यासाठी बर्फात चाचणी झालेली असावी लागत नाही. आणि गोठलेल्या रस्त्यावर कुठलाही टायर असला तरी चेन जवळ हवीच. ज्या चाकांना इंजिनाचा जोर मिळतो त्यांना, म्हणजे आमच्या गाडीच्या मागच्या चाकांना ती बांधायची. मी तिथेच चेन घेतली, हवा पुरी भरली आणि पुढे गेलो.

परत आल्यावर दुकानात गेलो. "आमचे कशावरून? बिल दाखवा," एवढंच उत्तर. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला फोन लावला, तर त्यांचाही पहिला प्रश्न बिलाचाच. धंद्याच्या गाडीची तक्रार चालत नाही असं पुष्कळ जण सांगतात, ते पूर्ण खरं नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः राबणाऱ्याने घेतलेली वस्तू ग्राहकाचीच धरली आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला जिल्हा आयोगात फी लागत नाही. माझ्या हातात कागद असता तर मी लढलो असतो. तुम्ही टायर घ्याल तेव्हा पक्कं बिल घ्या, त्यावर प्रत्येक टायरचा नंबर लिहून घ्या. चाक चढायच्या आधी टायर जमिनीवर आडवा टाकून दोन्ही बाजू स्वतः पुसा, आणि तारखेची बाजू बाहेर ठेवायला लावा. दुकानदार गाववाला असला तरी.

ते चार टायर वडाळ्याला पडून होते. भंगारवाला दोनदा येऊन भाव सांगून गेला. त्याला दिले तर पॉलिश लागून कुणाच्या तरी गाडीला पुन्हा चढतील, म्हणून रविवारी भावाला घेऊन बसलो आणि चारही टायरांच्या बाजू करवतीने आरपार कापून टाकल्या.