विंडोज ११ : आठ महिने दुकानात वापरल्यावर

कऱ्हाडात माझं डीटीपीचं, म्हणजे संगणकावर मजकूर जुळवून छपाईसाठी तयार करण्याचं, छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, पतसंस्थांचे अहवाल अशी कामं. विंडोज १० ची मोफत सुरक्षा अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबणार हे खूप आधीपासून माहीत होतं. तरी विंडोज ११ वर जाणं मी पुढे ढकलत राहिलो, कारण रोज पोट भरणाऱ्या यंत्राला हात लावायची भीती वाटते.

शेवटी मुहूर्त धरला पितृपक्षाचा. त्या पंधरा दिवसांत कुणी पत्रिका टाकत नाही, आणि पतसंस्थांच्या सभा ३० सप्टेंबरच्या आत उरकायच्या असल्याने अहवालही तोवर हातावेगळे झालेले असतात. आई म्हणाली, "अरे, या दिवसांत नवं काही करू नये." म्हटलं, नवं कुठे घेतोय, जुन्याचंच करतोय.

यंत्र इंटेलच्या आठव्या पिढीच्या आय-५ प्रोसेसरचं, ८ जीबी रॅम, २४० जीबीची एसएसडी. तरी विंडोज ११ साठीच्या तपासणीत 'पात्र नाही' असं आलं. माझ्यासारखे बरेच जण इथेच नवा पीसी घ्यायला निघतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी सोय लागते. इंटेलच्या बोर्डावर ती बहुधा आतच असते, फक्त बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये) पीटीटी नावाने बंद ठेवलेली. ती चालू केली. मग सिक्युअर बूट, म्हणजे यंत्र सुरू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर चालू देणारी सोय, अडलं, कारण पीसी जोडताना डिस्कची विभागणी जुन्या एमबीआर पद्धतीने केलेली होती. ती न पुसता नव्या जीपीटी पद्धतीची करणारं 'एमबीआर-टू-जीपीटी' हे साधन विंडोज १० मध्येच असतं. आधी त्याच्या 'व्हॅलिडेट' कमांडने तपासायचं, मग बदलायचं, आणि त्यानंतरच बायोसमध्ये यूईएफआय ही यंत्र सुरू करायची नवी पद्धत निवडायची. क्रम उलटा झाला की विंडोज सुरूच होत नाही. माझा झाला होता. काळ्या पडद्याकडे बघत दहा मिनिटं बसलो, मग बायोस पुन्हा पूर्वीसारखं केलं तेव्हा जीव भांड्यात पडला. सगळा डेटा आदल्या रात्रीच बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेतला होता. तो नसता तर या कामाला हातच लावला नसता.

दुसरी गोष्ट परतीच्या वाटेची. अपडेटनंतर पटलं नाही तर विंडोज १० वर परत जायला दहाच दिवस मिळतात. ही मुदत विंडोजमधल्याच डीआयएसएम या साधनाच्या कमांडने साठ दिवसांपर्यंत वाढवता येते, पण ते त्या दहा दिवसांतच करावं लागतं. मी वाढवली. जुनं विंडोज तोवर डिस्कवर जागा अडवून बसतं, बसू दिलं. दिवाळीची गर्दी निर्धास्त गेली.

आता वापराबद्दल. जुने नॉन-युनिकोड (आजच्या सर्वमान्य युनिकोड पद्धतीच्या आधीचे) मराठी फाँट जसेच्या तसे चालले. माझी निम्मी धास्ती तीच होती. फाँटच्या सॉफ्टवेअरचं डोंगल, म्हणजे ते चालायला यंत्राला लावावी लागणारी किल्ली, तेही चाललं, पण त्याचा ड्रायव्हर (ते विंडोजशी जोडणारं सॉफ्टवेअर) इतका जुना की 'मेमरी इंटिग्रिटी' ही घातक कोड रोखणारी सुरक्षा चालू करायला गेलो तर यंत्राने त्याच्याकडे बोट दाखवून नकार दिला. ती बंदच ठेवली आहे. मनाला पटत नाही, पण डोंगलशिवाय दुकान चालत नाही. ज्यांच्याकडे अजून ३२ बिटचं विंडोज १० आहे त्यांनी मात्र सावध राहावं. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येतं, त्यामुळे सगळं नव्याने टाकावं लागेल आणि १६ बिटची जुनी सॉफ्टवेअर कायमची सुटतील.

सगळ्यात उपयोगी पडलं ते खिडक्या शेजारी मांडणं. मोठं करायच्या बटणावर माउस नेला की मांडण्या दिसतात. एका बाजूला गिऱ्हाइकाचं व्हॉट्सॲपवर आलेलं मॅटर, दुसऱ्या बाजूला पत्रिका. 'चि. सौ. कां.' तपासताना मान वळवावी लागत नाही. फाइल एक्सप्लोररमधल्या टॅबची तर सवयच लागली. उजव्या क्लिकचा मेनू अर्धवट उघडतो याचा सुरुवातीला राग यायचा. शिफ्ट दाबून क्लिक केलं की पूर्ण येतो. टास्कबारची चिन्हं मधून डावीकडे आणायला मिनिटही लागलं नाही. वेगात फरक? मला तरी जाणवला नाही, ना वाढला ना घटला. विंडोज ११ चं पुढचं मोठं अपडेट, २५एच२, मधे कधीतरी एका रीस्टार्टमध्ये येऊन गेलं.

घरच्या लॅपटॉपचं गणित वेगळं. त्याचा प्रोसेसर सहाव्या पिढीचा, विंडोज ११ चालणाऱ्यांच्या यादीत नाही. नियम चुकवून विंडोज ११ टाकून देणारे आहेत, पण लेकीचा अभ्यास त्यावर असतो म्हणून मी त्या वाटेला गेलो नाही. सेटिंग्ज मायक्रोसॉफ्टच्या खात्याशी जोडून विंडोज १० ची वाढीव सुरक्षा अपडेट्स फुकट घेतली. ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. यंदा अधिक ज्येष्ठ आल्यामुळे पितृपक्ष १० ऑक्टोबरला संपतोय. आईला अजून सांगितलेलं नाही.