शून्य दाखवणारा वायुमापक: चिखल-ज्वालामुखीवरील वापरानंतरचे मत

मिथेन, हायड्रोजन सल्फाइड, कार्बन मोनॉक्साइड आणि प्राणवायू मोजणारा, पट्ट्याला अडकवता येणारा हा वायुमापक मी चिखल-ज्वालामुखीच्या, म्हणजे जमिनीतून वायूच्या बुडबुड्यांसह चिखल बाहेर टाकणाऱ्या विवरांच्या, क्षेत्रात दोन दिवस वापरला. विवराजवळ वावरणाऱ्या माणसाच्या जिवासाठी तो उत्तम आहे. पर्यावरणावरील परिणाम जाणून घ्यायचा असेल, तर मात्र फारसा उपयोगी नाही. माहितीपत्रकात ‘पर्यावरणीय मोजणीसाठी’ असे छापलेले असल्यामुळे हा फरक स्पष्ट करणे आवश्यक वाटते.

अशा विवरांतून निघणारा वायू बहुतेक ठिकाणी मुख्यतः मिथेनच असतो आणि शंभर वर्षांच्या हिशेबाने तो तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे 28 पट अधिक तापमानवाढ घडवतो. हे यंत्र मात्र मिथेन स्फोटमर्यादेच्या टक्क्यांत दाखवते. हवेत मिथेनचे प्रमाण 5 टक्क्यांवर गेले की ती पेट घेऊ शकते. त्याचा शंभरावा भाग, म्हणजे दशलक्षात 500 भाग, ही पडद्यावरची सर्वांत लहान पायरी आहे. साध्या हवेत मिथेन दशलक्षात जेमतेम 2 भाग असतो. त्यामुळे नेहमीच्या शंभरपट मिथेन असला, तरी पडद्यावर निर्धास्त शून्य दिसते! बुडबुड्यांपासून दूर, कोरड्या दिसणाऱ्या जमिनीतूनही मिथेन झिरपत असतो आणि विस्तीर्ण क्षेत्राचा विचार केला तर तो वाटा दुर्लक्षिण्याजोगा नसतो. माझ्या नोंदवहीत मात्र तेथे शून्यांची रांग लागली. एकूण किती वायू बाहेर पडतो, हे ठरवण्यासाठी जमिनीवर पालथे भांडे घट्ट बसवून आतील प्रमाण किती वेगाने वाढते ते मोजावे लागते, आणि ते या यंत्राचे काम नव्हे.

बुडबुड्याच्या तोंडाशी शोषण-नळी धरली, तेव्हा आकडा झपाट्याने चढला आणि लगेच उतरला. मिथेन जाळून मोजणाऱ्या संवेदकाला प्राणवायू लागतो. तो नसेल तर भरपूर मिथेनही कमी दिसतो. हा इशारा पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत आहे, हे मला अक्षम्य वाटते.

हायड्रोजन सल्फाइडच्या बाबतीत मात्र तक्रार नाही. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने खोलगट जागी साचतो आणि दशलक्षात सुमारे 100 भागांवर नाकाची संवेदनाच बधिर करतो. येथे 10 भागांवरच कर्कश भोंगा वाजला.

चिखलाबरोबर येणाऱ्या पाण्याबद्दल हे यंत्र अर्थातच मुके आहे. इंडोनेशियातील सिदोआर्जो येथे 29 मे 2006 रोजी सुरू झालेल्या उद्रेकाने गावे गाडली आणि तेथील चिखल पोरोंग नदीत सोडावा लागला, हे पाहता पाण्याची तपासणी गौण मानता येत नाही. सोबत खारटपणा मोजणारे साधे उपकरण अवश्य ठेवावे. पिकांना घातक ठरू शकणारे बोरॉन मोजण्यासाठी मात्र नमुना प्रयोगशाळेतच द्यावा लागतो.

खरेदी करणारच असाल, तर जादा गाळण्या घ्या. चिखलाच्या शिंतोड्यांनी माझी पहिली गाळणी दुपारपर्यंतच बुजली.