‘वर्षभर सगळे चॅनेल फुकट’ म्हणून घेतलेला बॉक्स आणि अप्पांचे 62,299 रुपये

केबल बंद करायचा निर्णय माझा होता, हे आधीच सांगते. अप्पांनी मागितलं नव्हतं, आईनं तर दोनदा नको म्हटलं होतं.

कराडला आई-अप्पा दोघंच राहतात. अप्पा जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले. गल्लीत आजही सगळे त्यांना गुरुजीच म्हणतात. केबलचं बिल महिन्याला 430 रुपये यायचं. फेब्रुवारी 2019 मध्ये ट्रायचे, म्हणजे दूरसंचार नियामकाचे, नवे नियम आले, तेव्हा हवे तेवढेच चॅनेल घेतले की बिल उतरेल असं वाटलं होतं. पण तेव्हा नुसत्या जोडणीचेच 130 रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 153 रुपये 40 पैसे पडायचे, पैसे भरून बघायचा एकही चॅनेल न घेता. त्यावर आईच्या मालिका, अप्पांचं क्रिकेट, असं एकेक वाढवत गेलं की गाडी पुन्हा पॅकेजवरच यायची. दोघं मिळून बघणार पाच-सहा चॅनेल आणि पैसे मात्र दोनशे चॅनेलचे. मला ते सलायचं.

मागच्या दिवाळीच्या आधी मोबाईलवर एक जाहिरात दिसली. टीव्हीला लावायचा, इंटरनेटवर चालणारा छोटा काळा अँड्रॉइड बॉक्स, 4,500 रुपये, वर्षभर सगळे चॅनेल आणि सगळ्या ओटीटी फुकट. मी हिशेब केला. अकरा महिन्यांत वसूल. ‘बिल मिळेल का?’ असं विचारलं, तर ‘मॅडम, बिल हवं असेल तर जीएसटी वेगळा पडेल’ असं उत्तर आलं. मी तिथंच थांबायला हवं होतं. पण मी पैसे पाठवले.

बॉक्स आला, लागला आणि चाललाही. आई खूश, अप्पा खूश. केबलवाल्या काकांना मी फोन करून सेट-टॉप बॉक्स परत न्यायला सांगितलं. अडीच महिने सगळं सुरळीत होतं. जानेवारीत एका संध्याकाळी पडद्यावर पाटी आली : सदस्यत्व संपलं, 1,499 रुपये भरा. विकणाऱ्याचा नंबर बंद.

पुढचं अप्पांच्या तोंडून कळलं ते असं. आईची मालिका चुकायला नको म्हणून त्यांनी बॉक्सवरचं नाव मोबाईलवर शोधलं आणि ‘ग्राहक सेवा’ म्हणून जो नंबर वर आला त्यावर फोन लावला. पलीकडचा माणूस मराठीत बोलला. ‘सर, तुमचं वर्ष पूर्ण झालेलं नाही, कंपनी तुम्हाला पूर्ण पैसे परत देणार आहे,’ असं म्हणाला. आधी एक ॲप घ्यायला लावलं, ‘आमच्या इंजिनिअरला बॉक्स तपासता यावा’ म्हणून. ते स्क्रीन शेअर करण्याचं ॲप होतं. अप्पांच्या मोबाईलवर जे दिसेल ते सगळं त्याला तिकडे दिसत होतं. मग एक फॉर्म पाठवला : नोंदणीसाठी 10 रुपये, डेबिट कार्डाचा नंबर आणि मागचे तीन आकडे. अप्पांनी ते भरले. ओटीपी त्यांनी कुणालाच सांगितला नाही. बँक सांगत आलेली तेवढी गोष्ट त्यांनी इमानानं पाळली. पण मेसेज मोबाईलवर आला आणि त्या माणसानं तो तिथल्या तिथं वाचला. पहिल्यांदा 49,999 गेले, मग 12,300. फोन चालूच होता.

मला हे लिहायला लावणारी खरी गोष्ट पुढची आहे. अप्पांनी हे दोन दिवस कुणालाच सांगितलं नाही, आईलाही नाही. तिसऱ्या दिवशी मी सहज फोन केला, तेव्हा आवाजावरून मला शंका आली. का नाही सांगितलंत म्हणून विचारलं तर म्हणाले, ‘अगं, तो बॉक्सच चोरीचा होता ना. पोलिसांत काय सांगू?’

असले भामटे नेमक्या याच भीतीवर जगतात. अँड्रॉइड बॉक्स वापरणं हा गुन्हा नाही, चांगले बॉक्स दुकानात रीतसर बिलासह मिळतात. पण पैसे भरून बघायचे चॅनेल परवानगीशिवाय कुणाच्या तरी सर्व्हरवरून दाखवणं ही चोरी आहे. तो सर्व्हर कधीही बंद पडतो, आणि ज्यानं बिलच घेतलं नाही तो गिऱ्हाईक तक्रार करायला कचरतो. तरीही पैसे गेले तर तक्रार करायचीच, आणि लगेच. 1930 हा राष्ट्रीय सायबर मदत क्रमांक आहे. तिथं वेळेत कळवलं, तर रक्कम ज्या खात्यात गेली तिथंच अडवता येते. चोर ती काही तासांतच पुढच्या, त्याच्या पुढच्या खात्यांत फिरवतो. आम्ही तिसऱ्या दिवशी कळवलं, तोवर 8,400 रुपये एका खात्यात उरले होते. तेवढे अडवले गेले. ते सोडवायला अर्ज केला आहे.

बँकेतल्या बाईंनी समजुतीनं ऐकलं, पण नियम नियमच. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकाप्रमाणे चूक ग्राहकाची किंवा बँकेची नसून तिसऱ्याच कुणाची असेल आणि तीन कामाच्या दिवसांत कळवलं, तर ग्राहकावर तोशीस येत नाही. ग्राहकानं स्वतःच तपशील दिले असतील, तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं आणि त्यानंतरचं बँकेचं. तक्रार एक मिनिट लवकर झाली तरी उपयोग आहे तो यामुळेच.

बॉक्सबद्दल आणखी एक. सप्टेंबर 2024 मध्ये अशा स्वस्त टीव्ही बॉक्सेसमध्ये शिरलेला ‘व्हॉइड’ नावाचा घातक प्रोग्राम उघड झाला. जगभरात 13 लाखांच्या आसपास बॉक्स त्यानं ग्रासले होते. तुमच्या घरी असला बॉक्स असेल, तर आज रात्रीच तो वायफायवरून काढा, वायफायचा पासवर्ड बदला. फेकू नका, तक्रारीत लागतो. आमचा डब्यात गुंडाळून ठेवलाय.

आता कराडच्या गच्चीवर दूरदर्शनच्या मोफत सेवेची, डीडी फ्री डिशची छत्री आहे, आग्नेयेकडे तोंड करून. एकदाच खर्च, महिन्याचं बिल नाही. सह्याद्री आहे, बातम्या आहेत. खासगी चॅनेल लिलावाप्रमाणे येतात-जातात, आणि आईची मुख्य मालिका त्यावर नाही. त्या एका मालिकेसाठी तिला मी माझ्या ओटीटीचं रीतसर लॉगिन दिलं आहे, ती फोनवर बघते. डोळे दुखतात म्हणते.

अप्पा महिनाभर अनोळखी फोन उचलत नव्हते. पेन्शनच्या कामासाठी आलेला फोनही त्यांनी तसाच जाऊ दिला. मागच्या रविवारी गेले तेव्हा टीव्हीच्या वरच्या भिंतीवर एक पुठ्ठा दिसला. फळ्यावर लिहावं तशा ठळक, सुबक अक्षरात अप्पांनी त्यावर 1930 लिहिलंय.